डोंगराला चार पाय

डोंगराला चार पाय मी दिले. लेखकाने दिले नव्हते. लेखकाच्या हस्तलिखितात एका ठिकाणी डोंगराला तीन पाय होते, एका ठिकाणी एकही नव्हता, आणि एका बाईच्या म्हणण्याप्रमाणे तो लुगड्याचा घोळ सावरत निघून गेला होता. मी लाल शाईचा पेन उचलला आणि सगळीकडे चार करून टाकले. म्हातारा विसरला असेल, असं मला वाटलं.

माझी नात विचारते, "आजी, तू एवढी बावळट होतीस?" मी म्हणते, होते ना. आणि वर बी.ए. होते, मराठी घेऊन. नुसता बावळट माणूस एवढं नुकसान करू शकत नाही.

तेव्हा मी नागपुरात, गांधीबागेतल्या एका छापखान्यात प्रूफरीडर होते. सत्तरच्या दशकातली, कागदटंचाईची वर्षं. नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते आणि मालक भाऊसाहेबांनी मला अजून 'बघू' वरच ठेवलं होतं. कापडाच्या ठोक दुकानांमागची गल्ली होती ती. छापखान्याचं पोट भरायचं बिलबुकांवर आणि लग्नपत्रिकांवर. पुस्तक वर्षातून एखाददुसरं यायचं. त्यामुळे पुस्तक आलं की मी हातरुमालाने टेबल पुसून बसायची. लग्नपत्रिकेत सुधारायला असतं काय? फार तर 'चि. सौ. कां.' मधली टिंबं. पुस्तकात वाव होता.

छपाई शिशाच्या खिळ्यांची होती. एक अक्षर म्हणजे एक खिळा. कंपोझिटर खिळे जुळवून ओळ करायचा, ओळींची पानं, आणि सोळा पानांचा एक फर्मा. फर्मा मशीनवर छापून झाला की त्याचे खिळे मोडून परत ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागायचे. अख्खं पुस्तक एका वेळी उभं करण्याइतके खिळे लहान छापखान्यात नसतातच. थोडक्यात, छापलं ते छापलं. मागे जायची सोय नाही.

या सगळ्यात प्रूफरीडरचं काम सोपं असतं. हस्तलिखिताला आम्ही कॉपी म्हणतो. कॉपीत आहे तसं जुळवलं गेलंय का, ते बघायचं. कानामात्रा, वेलांट्या दुरुस्त करायच्या. आणि लेखकाचंच काही चुकलंय असं वाटलं, तर दुरुस्त करायचं नाही. समासात एक प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाला विचारायचं. पहिल्याच दिवशी हा नियम मला सांगितला होता. मी मान डोलावली होती. मान मी फार छान डोलवायची.

लेखकाचं नाव गजभियेजी. कोर्टातून रिटायर झालेले. साक्षीदार बोलेल ते उतरवून घ्यायचं, त्याला वाचून दाखवायचं, त्याची सही नाही तर अंगठा घ्यायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलेलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि बोलताना प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायची सवय, जणू समोर कुणीतरी लिहून घेतंय.

अशा माणसाने लिहिलं काय, तर कधीही नसलेल्या देशातल्या साक्षींचं पुस्तक. 'गारुळच्या साक्षी'. गारुळ नावाचं एक गाव. तिथे चंद्र दोन, एक सरकारी आणि एक खाजगी. नदी आठवड्यातून एकदा उलटी वाहायची आणि त्या दिवशी धोबी सुट्टी घ्यायचे. सूर्याला ठरलेली बाजू नव्हती, मनाला येईल तिथून उगवायचा. म्हणून गारुळात पूर्व-पश्चिम नाहीत. लोक आपल्या दारावरून दिशा सांगायचे : दाराच्या उजवीकडे, डावीकडे, मागच्या अंगाला. आणि प्रत्येक घराचं दार एकाच बाजूला, गावच्या मोठ्या डोंगराकडे. दारात उभं राहिलं की समोर डोंगर.

एका पहाटे गाव उठलं, तर समोर डोंगर नाही.

राजाने चौकशी लावली. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी येऊन साक्ष द्यावी. पुस्तक म्हणजे त्या साक्षी, एकापुढे एक. मेंढरं राखणारी बाई म्हणते, चार पायांवर चालत उजवीकडे गेला. मीठवाला म्हणतो, तीन पायांनी लंगडत डावीकडे गेला. राणीची स्वयंपाकीण म्हणते, लुगडं सावरल्यासारखा मागच्या अंगाला गेला. वेशीवरचा पहारेकरी म्हणतो, पाय कसले, होडीसारखा जरासा सरकला आणि चौकटीआड झाला.

मला ते पुस्तक अतिशय आवडलं, हे सांगून ठेवते. मी जेवणाचा डबा उघडा ठेवून वाचत होते. म्हणूनच त्यात चुका राहू नयेत असं मला फार वाटलं.

गजभियेजी कॉपी देऊन चंद्रपूरला गेले. मुलीचं बाळंतपण होतं आणि घरात दुसरं कुणी बाईमाणूस नव्हतं. जाताना माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, कानामात्रा पाहा. बाकी जसंच्या तसं जाऊ द्या. अडलं तर चंद्रपूरला एक कार्ड टाका."

"हो, हो," मी म्हटलं आणि मान डोलावली.

कार्ड टाकलं नाही. कार्ड टाकायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही असं कबूल करायचं. मला तर सगळं कळलं होतं. म्हाताऱ्याने प्रत्येक साक्ष वेगळ्या दिवशी लिहिली, आधीची आठवली नाही, आणि एकाच डोंगराचं चार ठिकाणी चार तऱ्हेचं झालं. बिचारा.

आमचे कंपोझिटर दशरथभाऊ माझी लाल प्रूफं घेऊन आले.

"काहून वं बाई, मीठवाल्याचा डोंगर डावीकडे जाऊन राहिला होता न? तुमी उजवीकडे फिरवला?"

"दशरथभाऊ, पहिल्या बाईने उजवीकडे सांगितलंय. एकच डोंगर आहे. एकाला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे असा कसा जाईल?"

"हाव, तेही बरोबर हाये," दशरथभाऊ म्हणाले. "आन् लंगडं काढलं ते बरं केलं. डोंगर कायले लंगडीन."

असे आम्ही दोघं शहाणे. चार फर्मे छापून झाले, खिळे मोडून खान्यात गेले. चारही साक्षीदारांचा डोंगर चार पायांवर चालत दाराच्या उजवीकडे गेला. काय सुंदर जुळलं होतं! राहिला फक्त शेवटचा पाचवा फर्मा. त्यात विहीर खणणाऱ्याची साक्ष होती. तिचं कंपोझिंग चालू होतं, म्हणून ती मी अजून वाचलेली नव्हती. पुस्तकाचा शेवट न वाचता पुस्तक दुरुस्त करणारी प्रूफरीडर सबंध विदर्भात एकच असावी.

गजभियेजी परतले ते नात झाल्याचे पेढे घेऊन. पेढे वाटले, बाकावर बसले, छापलेले फर्मे मांडीवर घेतले. मी तिरक्या नजरेने बघत होते. आता म्हणतील, वा बाई, माझ्या किती चुका सावरल्यात!

ते वाचत गेले. मीठवाल्यापाशी थांबले. एक पान मागे गेले. पुन्हा पुढे आले. मग स्वयंपाकीण काढली. मग पहारेकरी. चष्मा काढून पुसला आणि परत मीठवाल्यापासून सुरू केलं. रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे माझे साक्षीदार कोणी पढवले?"

मी उभी राहिले. "मी... त्या चुका होत्या. सगळ्यांचं जुळत नव्हतं."

"जुळत नव्हतंच."

"तेच ना. मी जुळवून दिलं."

गजभियेजींनी दशरथभाऊंकडून कॉपीतलं शेवटचं पान घेऊन माझ्या हातात दिलं. विहीर खणणाऱ्याची साक्ष. मी ती तिथेच उभ्या-उभ्या वाचली.

विहीर खणणारा म्हणतो : 'सरकार, डोंगर जागचा हलला नाही. मी रात्रभर जमिनीखाली होतो, मला ऐकू येत होतं. रात्री घरं फिरली. एकेक घर आपल्या जागीच गरगर फिरलं आणि कुठल्याही तोंडाने थांबलं. म्हणून कुणाला डोंगर उजवीकडे दिसतो, कुणाला डावीकडे, कुणाला मागे. सगळ्यांनी एकच सांगितलं असतं, तर डोंगर गेला असं मी मानलं असतं.'

सगळ्यांनी एकच सांगितलं असतं! आणि माझ्या कृपेने चार फर्म्यांत, छापील, सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. पुस्तकाची किल्ली मी घासूनपुसून सपाट केली होती.

तेवढ्यात भाऊसाहेब आतून आले. झालेला प्रकार दोन वाक्यांत त्यांच्या कानावर गेला. तिसरं वाक्य त्यांचं होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ते गजभियेजींकडे वळले.

"पुन्हा छापू म्हणाल, तर कागद नाही. या पुस्तकापुरता कसाबसा जमवलाय. दसरा तोंडावर आहे. शुद्धिपत्र लावू. सुरुवातीलाच एक चिठ्ठी चिकटवतो. अमुक पान, अमुक ओळ, उजवीकडेच्या ऐवजी डावीकडे वाचावे."

"सुरुवातीलाच?" गजभियेजी म्हणाले. "भाऊसाहेब, म्हणजे वाचणाऱ्याले पहिलेच सांगून टाकायचं, इथं इथं लक्ष ठेव. मग शोधायले काय राहिलं?"

"मग शेवटी लावू."

"शेवटचं शुद्धिपत्र कोणी वाचते का जी?"

नाही वाचत. आम्हीसुद्धा नाही वाचत.

दसरा का, तेही सांगते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जी माणसं लोटतात, ती घरी जाताना पुस्तकं घेऊन जातात. तिथे गजभियेजींच्या एका मित्राचा पुस्तकांचा स्टॉल असायचा आणि 'गारुळच्या साक्षी' तिथेच जायचं होतं. पण नुसत्या विक्रीसाठी नाही. गजभियेजी छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी त्या मैदानावर होते. त्यांच्या वस्तीतले कितीतरी म्हातारेही तिथे होते. त्यातलं कोण कुठे उभं होतं, आधी काय झालं, मग काय झालं, ऊन कसं होतं, प्रत्येकजण वेगळं सांगायचा. एका वर्षी वस्तीतला एक कॉलेजातला पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, तुमचं एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणजे तुम्ही गेलेच नव्हते, ऐकलेलं सांगता. त्या दिवसापासून काही म्हाताऱ्यांनी सांगणंच सोडून दिलं.

"त्या पोराले भाषण कोण देईल?" गजभियेजी बाकावर बसून म्हणाले. "म्हणून गोष्ट लिहिली. लाखोंच्या गर्दीत ज्याचं तोंड जिकडे, त्याले तिकडचं दिसलं. त्यात खोटं काय आहे? कोर्टात आम्ही कोणाले घाबरत होतो माहीत आहे? पाच साक्षीदार एकसारखं बोलले, की त्याले."

मी खाली बघत होते. नोकरी गेली, हे मी धरूनच चालले होते. पण त्या क्षणी मला नोकरीपेक्षा तो कॉलेजातला पोरगा जास्त दिसत होता. तो आणि मी एकच काम केलं होतं. फक्त त्याच्या हातात लाल पेन नव्हता.

गजभियेजींनी फर्मे बाजूला ठेवले, खिशातला पेन काढला, भाऊसाहेबांकडून कोरे कागद मागून घेतले आणि माझ्याकडे वळले.

"बसा. नाव?"

"तुम्हाला माहीत आहे."

"विचारावं लागते. नाव?"

"विमल."

"धंदा?"

"प्रूफरीडर." अजून तरी.

"डोंगराले किती पाय होते?"

"चार."

"तुम्ही पाहिले?"

"नाही."

"मग चार कसे?"

"पहिल्या साक्षीत चार आहेत."

"दुसरीत तीन आहेत."

"ते मला चूक वाटलं."

"काहून?"

मी खूप विचार केला. खरं सांगते, दुसरं कारणच सापडलं नाही.

"पहिलं आधी आलं म्हणून."

दशरथभाऊ केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खानेदार पेटीवर, ओणवे होऊन हसायला लागले. मी फितुराकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. गजभियेजी हसले नाहीत. ते लिहीत होते.

"गारुळात चंद्र किती?"

"दोन."

"ते नाही खटकलं तुम्हाले?"

"नाही."

"नदी उलटी वाहते. ते?"

"नाही."

"डोंगर चालते. ते?"

"नाही."

"फक्त डाव्या-उजव्याचं खटकलं."

"चंद्र सगळ्यांनी दोनच सांगितले होते," मी म्हटलं.

गजभियेजींनी पेन खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. कुतूहलाने बघितलं, रागाने नव्हे. जन्मभर साक्षीदार पाहिलेल्या माणसाला नव्या जातीचा साक्षीदार दिसल्यासारखं. मग पेन उचलून तेही वाक्य उतरवलं. आणखी बरंच विचारलं. मीठवाल्याने काय सांगितलं होतं, तुम्ही काय केलं? स्वयंपाकिणीने काय सांगितलं होतं, तुम्ही काय केलं? बदलताना काय वाटलं? मी म्हटलं, बरं वाटलं. तेही लिहिलं.

शेवटी त्यांनी सगळं मला वाचून दाखवलं. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"सही करा."

मी सही केली. मनात म्हटलं, झालं. आता हा कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर जाणार आणि मी परत वडिलांच्या घरी शेवया वळत बसणार.

दुसऱ्या दिवशी कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर गेला नाही. तो दशरथभाऊंच्या केसवर गेला, कंपोझिंगला. वर मथळा होता : 'राजवाड्यात नकला उतरवणाऱ्या बाईची साक्ष'. नाव काढलेलं, धंदा बदललेला. प्रूफरीडरच्या जागी नकला उतरवणारी. बाकी माझंच. 'सरकार, मेंढरंवालीने उजवीकडे सांगितलं, ते तसंच ठेवलं. मीठवाल्याने डावीकडे सांगितलं, मी उजवीकडे लिहिलं. स्वयंपाकिणीने मागच्या अंगाला सांगितलं, मी उजवीकडे लिहिलं. पाय सगळीकडे चार केले. पहिलं आधी आलं म्हणून. बरं वाटलं.'

ही साक्ष विहीर खणणाऱ्याच्या आधी बसवायची होती. म्हणजे वाचणारा चार साक्षी वाचतो, सगळं जुळतंय म्हणून निर्धास्त होतो, आणि मग ही बया येऊन सांगते की जुळत नव्हतं, मी जुळवलं. छापलेला एक कागद फुकट गेला नाही. फक्त पाचव्या फर्म्यात शेवटची कोरी पानं भाऊसाहेबांनी कापड दुकानांच्या जाहिरातींसाठी राखली होती, ती त्यात गेली. त्यावर भाऊसाहेब बरेच दिवस धुमसत होते.

आणि त्या साक्षीचं प्रूफ वाचायचं कुणी? मीच. छापखान्यात दुसरं होतं कोण? वाचताना एका वाक्यावर अडले. वाक्य अर्धवट होतं, कर्ताच गायब. पेनाची लाल निब कागदापर्यंत गेली, ती मागे घेतली. समासात एक प्रश्नचिन्ह टाकलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं. गजभियेजींकडून प्रूफ परत आलं, तेव्हा प्रश्नचिन्हाखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'साक्षीदार असंच बोलली.'

पुस्तक दसऱ्याआधी बांधून झालं. नोकरी राहिली. भाऊसाहेबांनी एवढंच केलं, की दसऱ्याच्या दिवशी मला गजभियेजींच्या मित्राच्या स्टॉलवर मदतीला धाडलं. शिक्षा म्हणून. मला ती शिक्षा वाटली नाही. प्रूफरीडरला आपण तपासलेलं पुस्तक कुणी वाचताना कधी दिसत नाही. आणि मला तर बघायचंच होतं : वाचणारा मागे जातो का? नकला उतरवणाऱ्या बाईची साक्ष वाचून पुन्हा मीठवाल्याचं पान काढतो का? नाही काढलं, तर गजभियेजींचं पुस्तक मेलं होतं आणि ते मी मारलं होतं.

सकाळपासून पुस्तकं जात होती, पण लोक पिशवीत टाकून पुढे निघायचे. गर्दी अशी, की उभं राहायला जागा नाही. दुपारी एक मध्यम वयाचे गृहस्थ आले, खांद्याला शबनम, पायांवर धूळ. उमरेडकडचे. आई आणि बायको रांगेत होत्या, तोवर सावली हवी होती. त्यांनी 'गारुळच्या साक्षी' विकत घेतलं आणि आमच्या स्टॉलच्या कनातीला टेकून खालीच वाचायला बसले.

मी पुस्तकं देत होते, सुटे परत करत होते, आणि एक डोळा त्यांच्यावर. चंद्रांपाशी हसले. डोंगराच्या साक्षी भराभर उलटल्या. जुळत होत्या ना, थांबायचं कशाला? मग शेवटाकडे आले आणि त्यांचा वेग कमी झाला. ओठ हलायला लागले. एका जागी बोट ठेवलं. बोट तसंच ठेवून ते मागे गेले. मीठवाल्यावर. मग स्वयंपाकिणीवर. मग पुढे, मग परत मागे. मी एका आजीबाईंच्या हातात भलतंच पुस्तक दिलं, त्या ओरडल्या, तेव्हा कुठे भानावर आले.

शिकले काय म्हणाल, तर फार नाही. प्रश्नचिन्ह समासात घालायला असतं, आणि पोस्टात कार्डं मिळतात. पुढे कितीतरी वर्षं प्रूफं वाचली, तेवढ्यावर भागलं.

गृहस्थांनी पुस्तक संपवलं. रांगेतून बायको हाका मारत होती. ते उठले, धोतर झटकलं आणि स्टॉलवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी कोण, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. मी विचारलं, "कसं वाटलं जी?"

ते म्हणाले, "बाकी सारं तर मनचं हाये बाई, दोन चंद्र काय, घरं फिरून राहिले काय. पण ते नकला उतरवणारी हाये न, ते सोळा आणे खरी हाये. आमच्या तहशिलीत अशीच एक बसते. अजून एक पुस्तक द्या, तिच्या टेबलावर नेऊन ठेवतो."